पिवळी नवरी आणि काळा ड्रम

धुळ्याच्या आमच्या घरात एक खोली होती, तिला सगळे कोठी म्हणत. आजोबांच्या वेळी तिथे ज्वारीची पोती असायची. मला कळायला लागलं तेव्हा पोती गेली होती आणि तिथे आबांची डार्करूम होती, पण नाव कोठीच राहिलं. आबा म्हणजे माझे वडील. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. भिंतीवर रंगवलेला पडदा, त्यावर कारंजं आणि दोन हंस, पडद्यासमोर एक लाकडी खुर्ची. अर्ध्या धुळ्याने त्या खुर्चीवर बसून फोटो काढून घेतला असेल. फोटो काढायचं काम आबांचं आणि कोठीत बसून ते कागदावर उतरवायचं काम माझं. मी चौथीनंतर शाळेत गेले नाही. कुणी पाठवलं नाही आणि मीही रडले नाही. शाळेत मास्तर उजेडात ओरडायचे, कोठीत अंधार होता आणि कुणी ओरडत नव्हतं. मला कोठी बरी वाटली.

त्या घराचा वास अजून माझ्या नाकात आहे. एकीकडून फोटो पक्का करायच्या हायपोचा आंबट वास, दुसरीकडून मायच्या चुलीवरच्या मिरच्यांचा ठसका. उन्हाळ्यात त्यात गच्चीवर वाळत घातलेल्या बिबड्यांचा वास मिसळायचा. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, आमच्या खान्देशात घरोघरी होतात. माय भाकरी थापायची तो आवाज आणि गल्लीच्या टोकाच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा, दोन्ही एकाच चालीत चालायचे. गिरणी सुरू झाली की आमच्या घरातला दिवा मान टाकल्यासारखा व्हायचा. हे मी उगीच सांगत नाही, पुढे त्याचं काम आहे.

काळ्या-पांढऱ्या फोटोंच्या कामात मी तरबेज होते. लाल दिवा लावायचा, कागद ट्रेमध्ये सोडायचा आणि ट्रे हलवत राहायचं. हळूहळू कपाळ येतं, मग मिशा येतात, मग सगळा माणूस येतो. त्यासारखं सुख नाही. त्रास एकच, त्या रसायनाला पाणी थंड लागायचं आणि धुळ्याच्या उन्हाळ्यात थंड पाणी म्हणजे माठाच्या तळाशी असेल तेवढंच. मे महिन्यात आम्ही बर्फ आणायचो. एकदा बर्फ मिळाला नाही आणि आबांनी घाई केली, तर फिल्मवरचा थरच सायीसारखा सुटून पाण्यात आला. त्या लग्नातली सगळी माणसं मोरीतून वाहून गेली. आबा दोन दिवस नीट जेवले नाहीत.

मग रंगीत फोटो आले. लग्नाची बोलणी करायला आलेला माणूस ओट्यावर बसण्याआधीच विचारायचा, ‘रंगीत काढता का?’ आबा काढायचे, पण रोल मुंबईला पाठवायला लागायचे. फोटो यायला इतका उशीर व्हायचा की नवरी माहेरपणाला येऊन परत गेलेली असायची. एकदा तर आमच्या पाकिटात भलत्याच लोकांच्या बारशाचे फोटो आले. गावात दुसरा स्टुडिओ निघाला होता, तोही मुंबईलाच पाठवायचा, पण त्याच्याकडे पंखा होता आणि गाणी लागायची. गिऱ्हाईक तिकडे वळायला लागलं.

त्याच सुमाराला बोदवडचे मामा माझ्यासाठी जामनेरचं स्थळ घेऊन आले. धान्याचा व्यापार, मोठं खटलं, पोरगा बरा. मला लग्नाचं वावडं नव्हतं, पोरींची लग्नं होतात हे मला माहीत होतं. पण त्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत चूल विझत नाही असं मामा कौतुकाने सांगत होते आणि मला कौतुक वाटत नव्हतं. आबांनी मामांना सरळ सांगितलं, ‘कोठी चालू राहिली तर पोरगी मला अजून वर्षभर तरी लागेल. रंगीत काम घरात जमलं नाही तर कोठी बंदच करतो, सगळं मुंबईला पाठवतो. मग तिला घरात ठेवून काय करू? आखाजी झाली की या, तोवर कळेल.’ आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. मामा खूश होऊन गेले. रंगीत काम आम्हाला जमणार नाही, याची त्यांना खात्री होती. म्हणजे मी जामनेरला जायचं की नाही, ते एका यंत्रावर ठरणार होतं आणि ते यंत्र अजून आम्ही पाहिलंही नव्हतं.

ते बघायला आबा मला घेऊन जळगावला गेले. फोटोच्या सामानाचं मोठं दुकान तिथे होतं, एका मारवाडी शेठचं. शेठ गादीवर बसायचे, पायाशी फिल्मचे खोके, आणि माणूस बोलायला मोकळा. त्यांनी आम्हाला आत नेलं. आत एक मशीन होतं, टेबलाएवढं, वर काळं झाकण, आत रबरी रोलर. आबांनी त्यावर असा हात ठेवला जसा शेतकरी बैलाच्या पाठीवर ठेवतो.

‘इकडून कागद घालायचा आणि तिकडून फोटो बाहेर,’ आबा मला म्हणाले. जसं काही त्यांनीच ते बनवलं होतं.

‘बरोबर,’ शेठ म्हणाले. ‘पण त्याच्या पोटात रसायन भरून ठेवावं लागतं, बादलीभर. रोज काम पाहिजे. वापरलं नाही तर बसल्या बसल्या खराब होतं. रोज लग्न असतं का तुमच्याकडे?’

‘सीझनला असतं.’

‘आणि आषाढात काय धुणार, धोतरं?’

आबा हसले, पण हात उचलला नाही. मी विचारलं, ‘लाइट गेली तर?’

‘लाइट गेली की रोलर थांबले. कागद आतच राहिला. लाइट आली की काळा होऊन बाहेर येईल.’

आबांनी तेव्हा हात उचलला. ‘आमच्या गल्लीत लाइट कधी जाते विचारू नका शेठ,’ ते म्हणाले, ‘कधी असते ते विचारा.’

मग शेठ म्हणाले, ट्रे तर तुमच्याकडे आहेतच, त्यातही होतं. पण रंगीत कागदाला लाल दिवासुद्धा चालत नाही. मिट्ट काळोखात तीन ट्रे चाचपडत काम करायचं, रसायन हाताला लागलं की खाज सुटते, आणि उघड्या ट्रेत ते गार होतं आणि लवकर मरतं. शेठ माझ्या हातांकडे बघून म्हणाले, ‘पोरीचे हात खराब होतील.’ आबांनी ट्रेचा विचार तिथेच सोडला.

शेवटी शेठनी फळीवरून तो ड्रम काढला. काळ्या प्लास्टिकचं नळकांडं, हातभर लांब, दोन्ही टोकांना झाकणं, एका झाकणात रसायन ओतायची वाकडी वाट. तिच्यातून पाणी आत जातं पण उजेड जात नाही. काळोखात कागद गुंडाळून आत सरकवायचा, झाकण दाबायचं, रबराची कडी टक् करून बसते. ‘एकदा झाकण लागलं की दिवा लावा,’ शेठ म्हणाले, ‘चहा प्या, पाहुणे आले तर दार उघडून बाहेर जा, बोला, परत या. कागद आत, उजेड बाहेर. दोघांची भेट नाही.’ रसायन लागतं पेलाभर. ते आत ओतायचं आणि ड्रम आडवा लोळवत राहायचं. लोळवायला मोटार लावलेलं स्टँडही होतं. मी म्हटलं, मोटार नको, मला हात आहेत. फिल्मवरचं चित्र मोठं करून कागदावर पाडायचा एन्लार्जर आमचा जुनाच चालणार होता, त्याच्या खणात घालायला रंगीत फिल्टरचं पाकीट घेतलं. एक काचेचं थर्मामीटर घेतलं. शेठनी स्टॅबिलायझरही दाखवला, दिव्याचा जोर कमी-जास्त झाला की फोटोचा रंग बदलतो म्हणून. आबांना ती चैन वाटली. ‘जमलं नाही तर ड्रम परत आणा,’ शेठ म्हणाले, ‘फक्त धुऊन, कोरडा करून.’

घरी आल्यावर मायने ड्रम दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिला. ‘हाई काय शे? कुरडयास्ना सोऱ्या शे का?’

‘फोटो धुवायचा ड्रम आहे,’ आबा म्हणाले.

‘मग धुवा. कुरडया करता येतीन का यामा?’

तो ड्रम अजून माझ्याकडे आहे. जळगावच्या या घरात माळ्यावर पडलाय. मध्यंतरी माझ्या सुनेने विचारलं, भंगारवाल्याला देऊ का. मी म्हटलं, मी गेल्यावर दे. तिने परत विषय काढला नाही. ती शहाणी आहे.

रंगीत रसायनाची एक गोष्ट मला फार आवडली. त्याला पाणी कोमट लागतं. थंड नाही, कोमट, लहान पोराच्या आंघोळीला घेतो त्याच्या जरा खाली. थर्मामीटरवर तेहतीसच्या रेघेशी. आयुष्यभर बर्फाच्या मागे धावलेले आबा ते ऐकून म्हणाले, ‘हे रसायन खान्देशातलंच दिसतंय.’ चैत्रातल्या सकाळी आमच्या टाकीचं पाणी आपोआपच तेवढं असायचं, दुपारी उलट त्यात माठाचं घालावं लागायचं. मी आंघोळीचं तांब्याचं घंगाळ कोठीत नेलं, त्यात पाणी भरलं आणि ड्रम त्यात सोडला. तो तरंगायला लागला. मग पाटावर बसून तो पाण्यातच फिरवत राहायचं, एकदा इकडून, एकदा तिकडून. पाणी लागल्यामुळे आतलं रसायन गारही होत नव्हतं, तापतही नव्हतं. आंघोळीला घंगाळ गेलं म्हणून माय ओरडली आणि मग बादली वापरायला लागली. फक्त चित्र उमटताना बघायचं सुख गेलं. ड्रमच्या आत काय चाललंय ते कळत नाही. सगळी रसायनं होऊन झाकण उघडेपर्यंत आत माणूस आहे की काळा कागद, काही सांगता येत नाही.

पहिलं रंगीत काम होतं नशिराबादच्या एका लग्नाचं. लग्न धुळ्यातच लागलं, नवरी इथली, नवरा नशिराबादचा, फोटो नवऱ्याकडच्यांनी सांगितलेले. आबा एकटेच गेले, मी घरी रसायनं मिसळत बसले होते. रोल धुतला, तो चांगला आला. मग आम्ही एक फोटो निवडला. नवरा-नवरी शेजारी उभे, मागे नवऱ्याचे वडील, धोतर, पांढरी टोपी. मी कागद घातला, झाकण लावलं, ड्रम फिरवला. आबा पाटाशेजारी उकिडवे बसून होते. झाकण उघडून कागद बाहेर काढला. माणसं आली होती. रंग आले होते. हिरवा चुडा हिरवा, शालू लाल. आबांनी कागद हातात असा धरला होता, जणू तो श्वास घेतोय. ओल्या कागदावर रंग बघू नये, तो निळसर दिसतो, असं शेठनी बजावलं होतं, म्हणून ओसरीत दोरीला लावला. आमच्याकडच्या उन्हात तो बघता बघता वाळला.

वाळल्यावर आबा म्हणाले, ‘नवरी पिवळी आलीय.’

आली होती. कपाळ, गाल, हात, सगळं पिवळं. रंगीत फोटोत असा एखादा रंग जास्त येतो, तो फिल्टरने काढायचा असतो, हे शेठनी शिकवलं होतं. गणित उलटं असतं. फोटो पिवळा आला तर फिल्टर पिवळाच वाढवायचा. पाकिटात तीन रंगांचे फिल्टर होते, पिवळे, राणी रंगाचे आणि आकाशी. आबांनी एक पिवळा वाढवला. परत कागद, परत ड्रम, परत दोरी. नवरी अजून पिवळी. आणखी एक वाढवला. असं करत करत नवरीचा चेहरा माणसासारखा झाला, गव्हाळ. पण तोवर नवऱ्याच्या वडिलांची टोपी निळी झाली होती. धुणाऱ्याने नीळ ओंजळीने घातल्यासारखी. शालू जांभळा. मागचा मांडव तर संध्याकाळच्या आभाळासारखा. टोपी पांढरी केली की नवरी पिवळी, नवरी गव्हाळ केली की टोपी निळी. दोन्ही एकत्र बरोबर येईनात.

मग आम्ही दोष शोधायला लागलो. आधी गिरणीवर संशय घेतला. दिव्याचा जोर कमी झाला की दिवा तांबूस पडतो आणि फोटोचा रंग फिरतो. आबा गिरणीवाल्याकडे जाऊन विचारून आले, तुम्ही बंद कधी करता. गिरणीवाल्याला वाटलं, आबांना गिरणी विकत घ्यायची आहे. तो दुपारी जेवायला जायचा तेवढ्या वेळात आम्ही काम केलं. नवरी पिवळीच. मग घंगाळावर संशय आला, तांब्याचं म्हणून. ते मायला परत दिलं आणि प्लास्टिकचं घमेलं आणलं. नवरी पिवळीच. मग पाण्यावर. आबांनी उकळून गाळून घेतलेलं पाणी वापरलं. नवरी आपली पिवळी ती पिवळीच. एका दुपारी मी पाहिलं, आबा ओसरीत उभे राहून फोटोकडे एक डोळा झाकून बघत होते, मग दुसरा झाकून. मला म्हणाले, ‘शकू, तुला काय दिसतं? खरं सांग.’ मी म्हटलं, ‘पिवळी.’ त्यांनी फोटो खाली ठेवला. माझं उत्तर ऐकून त्यांना थोडं बरं वाटलं असावं, निदान डोळे तरी शाबूत होते. पण मग ते म्हणाले, ‘म्हणजे ड्रमच खराब आहे. आत काही तरी पिवळं राहिलंय. परत करून येऊ.’

त्या दिवशी जेवायला आमरस होता, आणि मला तो बघवेना. पिवळा होता म्हणून नाही. आखाजी जवळ आली होती, गल्लीत झाडाला झोका बांधला होता, सासरी गेलेल्या पोरी एकेक करून येत होत्या, आणि त्या झोक्यावरून काय काय सांगत होत्या ते मी ऐकलं होतं. माय म्हणाली, ‘जेव ना व. जामनेरलेबी आमरस ऱ्हास.’ जामनेरलाही आमरस असतो, हे तिने प्रेमानेच सांगितलं. मी ताट सरकवलं.

आबा आणि मी सकाळच्या एस.टी.ने निघालो. पिशवीत धुऊन कोरडा केलेला ड्रम, पाकिटात फोटो. नशिराबादच्या लोकांना तोंड दाखवायलाच हवं होतं. काळे-पांढरे फोटो आबांनी वेगळे काढून घेतले होते, ते त्यांना द्यायचे आणि रंगीत मुंबईहून आणून देतो म्हणून माफी मागायची, असं ठरलं. जळगावला उतरलो तेव्हा शेठचं दुकान उघडलं नव्हतं, म्हणून आधी नशिराबादला गेलो. ड्रम माझ्या मांडीवर होता. बाईने पोर घेऊन बसावं तशी मी तो घेऊन बसले होते, आणि शेजारची बाई विचारत होती, दूध आहे का त्यात.

नशिराबादच्या घरी सासूबाई दारातच भेटल्या. ठेंगण्या, मोठ्या आवाजाच्या. चहा झाला. नवरी, तिचं नाव आशा, डोक्यावरून पदर घेऊन दाराच्या आड उभी होती, आणि मी तिच्याकडे बघितलं तर ती अगदी सरळ गव्हाळ होती. मनात म्हटलं, निळे फोटोच बरोबर म्हणायचे. आबांनी घसा खाकरला आणि आधी निळा फोटो काढला, त्यातल्या त्यात चेहरा बरा आलेला.

सासूबाईंनी फोटो लांब धरला. ‘हे कोन बाई? बिमार हाये का?’

‘तुमची सून,’ आबा म्हणाले.

‘आमची सून? अन् यांची टोपी कोन्या निळीत बुडवली? अहो, इकडे या, तुम्हाला पोलिसात घेतलं बघा.’ सासरे आतून आले, फोटो पाहिला आणि परत आत गेले.

आबांनी चूक कबूल करणाऱ्या माणसासारखी मान खाली घातली आणि पाकिटातून पिवळा फोटो काढला. हा जास्तच बिघडलाय, यंत्रात दोष आहे, असं काहीसं ते म्हणायला लागले होते. सासूबाईंनी त्यांच्या हातातून तो ओढून घेतला.

‘हे तं अस्सल आमची सून!’ त्या ओरडल्या. ‘दारात उभी राहिली तं अशीच होती, पिवळी जर्द! काय हळद लावली होती हिच्या घरच्यांनी, माय! तीन वेळा उशीचे अभ्रे धुतले, अजून जात नाही. दाराच्या कडीला हळद, पाण्याच्या तांब्याला हळद. आशा, ये बाहेर, दाखव तो अभ्रा.’

आशा हसू दाबत आत गेली आणि खरंच अभ्रा घेऊन आली. पांढऱ्या कापडावर मधोमध गालाच्या आकाराचा पिवळा डाग होता. ‘माझ्या मावशीने लावली होती,’ ती मला हळूच म्हणाली. ‘ती म्हणे नवरी दुरून ओळखू आली पाहिजे.’

आबा त्या अभ्र्याकडे बघत राहिले. मग फोटोकडे. मग परत अभ्र्याकडे. नवऱ्यालाही हळद लागली होती, पण नावाला. सासऱ्यांना लागलीच नव्हती, म्हणून टोपीखालचा त्यांचा चेहरा पहिल्यापासून बरोबर होता. ते आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. पहिल्या दिवशी ओसरीत दोरीला लावलेला पहिला फोटोच बरोबर होता. गिरणी बरोबर होती, घंगाळ बरोबर होतं, पाणी बरोबर होतं, ड्रम बरोबर होता. आम्ही नवरीची हळद उतरवायला निघालो होतो.

बाहेर पडल्यावर आबा रस्त्याच्या कडेला थांबले आणि एकदम हसायला लागले. इतकं हसले की धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. ‘शके,’ ते म्हणाले, ‘आयुष्यभर लग्नाचे फोटो काढले गं. एकाही नवरीला हळद नव्हती.’ खरंच होतं ते. काळ्या-पांढऱ्या फोटोत हळद दिसत नाही. नवरी जरा सावळी किंवा जरा उजळ दिसते, बस. हळद लावतात हे आबांना माहीत होतं, मला माहीत होतं, आमच्या घरात तर चार लग्नं झाली होती. पण फोटोत हळद असते, हे दोघांनाही माहीत नव्हतं. फोटोतली माणसं राखी रंगाची असतात, असं आमच्या डोळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. आता माझ्या सुनेच्या फोनमध्ये कुणाचाही फोटो काढला की तो आपल्या मनाने चेहरा गोरा करतो. मी तिला म्हटलं, हा फोन आमच्या आबांसारखाच आहे, न विचारता हळद उतरवतो. तिला कळलं नाही, मीही सांगत बसले नाही. आता इथे लिहिलंय, वाचेल.

जळगावला शेठचं दुकान उघडलं होतं. माझ्या हातातली पिशवी बघून शेठ म्हणाले, ‘परत आणला का? नाही जमलं?’

मी आबांकडे बघितलं. आबांनी ड्रम पिशवीतून काढला आणि गंभीर चेहऱ्याने गादीवर ठेवला. ‘परत कशाला?’ ते म्हणाले. ‘रबराची कडी जरा सैल वाटते. एक जास्तीची द्या. आणि कागदाचं मोठं पाकीट.’

शेठनी कडी दाबून पाहिली. ती टक् करून बसली. त्यांनी एकदा आबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मुकाट्याने दुसरी कडी काढून दिली. ती दुसरी कडी पुढे कधीच लागली नाही.

घरी आल्यावर मायला सगळं सांगितलं. तिने फोटो पाहिला आणि म्हणाली, ‘हयद शे ती. त्यामा काय दखनं?’ आणि भाकरी उलटली. पहिल्या दिवशी तिला दाखवला असता तर? पण फोटो कसा आला हे मायला विचारायचं, हे आमच्या घरात कुणाला कधी सुचलंच नाही. जळगावहून येताना आबांनी मामांचं नाव काढलं नाही आणि मीही काढलं नाही. माझ्या छातीवरचा दगड मात्र अजून पुरता उतरला नव्हता. आखाजी झाली की या, असा शब्द मामांना दिलेला होता, आणि आबा शब्द फिरवणारे नव्हते.

आखाजी झाली आणि मामा आले. एकटे नाही, जामनेरचे दोन जण बरोबर घेऊन, न कळवता. त्या सकाळी मी कोठीत नशिराबादचंच काम करत होते. कोठीच्या दाराला आतून काळं कापड आणि खालच्या फटीत गोधडी, त्यामुळे आतला उजेड बाहेर जात नाही आणि बाहेरचा आत येत नाही, पण आवाज सगळे येतात. मी कागद ड्रममध्ये घातला होता, झाकण टक् करून बसलं होतं, दिवा लावला होता. आबा नुकतेच दाराबाहेरून मला विचारून गेले होते, लागलं का झाकण, आणि मी हो म्हटलं होतं. घंगाळ मायकडून परत मिळालं होतं. मी पाटावर बसून ड्रम फिरवत होते.

ओसरीत चपलांचा आवाज झाला. मामांचा आवाज आला, ‘भाऊजी, पाहुणे आणलेत. शकू कुठे? पोह्यांच्या बशा घेऊन येऊ द्या तिला.’

‘कोठीत आहे,’ आबा म्हणाले.

‘मग बोलवा.’

माझा हात थांबला. ड्रम घंगाळात एका जागी तरंगत राहिला. उठून दार उघडायचं तेवढंच बाकी होतं, शेठनी सांगितलं होतं तसं, कागदाला काही होणार नव्हतं.

‘बोलवता येत नाही,’ आबा म्हणाले. ‘रंगीत काम चाललंय. दार उघडलं तर सगळं काळं पडेल.’

‘थोडं उघडा. फटीतून बघतील.’ मामांची पावलं दाराशी आली आणि कडी वाजली.

‘हात लावू नका!’ आबा एवढ्या मोठ्यांदा ओरडले की मीच दचकले. ‘लोकांच्या लग्नाचे फोटो आहेत. लग्न परत लावून देणार आहात का तुम्ही?’

कडी सुटली. ‘किती वेळ लागेल?’ हा आवाज अनोळखी होता, जामनेरचा.

‘आज दिवसभर. उद्याही आहे. हे काम आता रोजचंच झालंय.’

‘म्हणजे पोरगी रोज अंधारात बसते?’

‘रोज.’

मायने पोहे दिले, ते खाल्ल्याचे, पाणी प्यायल्याचे आवाज आले. जामनेरचा माणूस म्हणाला, आम्हाला उजेडात वावरणारी सून पाहिजे. मामा म्हणाले, तिला उजेडाची सवय होईल. आबा म्हणाले, यंदा तर होणार नाही. मी परत ड्रम फिरवायला लागले. पहिलं रसायन ओतून टाकलं, दुसरं घातलं, आंबट वास आला, तेही टाकलं, तिसरं घातलं. दिव्याखाली माझी सावली भिंतीवर ड्रमबरोबर पुढे-मागे होत होती. ओसरीतून चपला ओट्यावर गेल्या, ओट्यावरून रस्त्यावर, आणि गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजात मिसळल्या. मी झाकण उघडलं, कागद पाण्यात खळबळला आणि दिव्याजवळ धरला.

आबांनी दारावर बोटाने टिचकी मारली. ‘झाला का गं?’

‘झाला.’

‘कशी आली?’

‘ओला आहे अजून,’ मी म्हटलं. ‘पण पिवळीच दिसतेय.’

‘बरं झालं,’ आबा म्हणाले.